पाणबुडीच्या पोटातलं विमान

एका वस्तूत दोन वस्तू कोंबायची हौस माणसाला फार. आमच्या घरी दिवसा सोफा आणि रात्री पलंग होणारं एक लाकडी प्रकरण आहे. त्यावर बसणाऱ्याला डुलकी लागते आणि झोपणारा मध्यरात्री उठून बसतो. त्यामुळे इटलीच्या आरमाराने १९२८ च्या सुमारास चक्क पाणबुडीत विमान ठेवायचा घाट घातला होता, हे वाचून मला मुळीच नवल वाटलं नाही.

बेत तसा खुळा नव्हता. पाण्याबाहेर जेमतेम डोकं काढणाऱ्या पाणबुडीला लांबचं दिसणार कसं? तेव्हा टेहळणीला एक डोळा आकाशात पाठवावा, हा विचार. तारांतोला 'एत्तोरे फिएरामोस्का' ही मोठी पाणबुडी बांधली जात होती. तिच्यावर पाणी न शिरणारी एक कोठी ठेवली, आणि त्या कोठीत मावेल असं चिमुकलं विमान 'पिआज्जिओ' कारखान्याने तयार केलं. त्याचं नाव पी-८. याच पिआज्जिओने १९४६ साली व्हेस्पा स्कूटर काढली. पुढे बजाजने त्यांच्याच परवान्यावर ती आपल्याकडे आणली आणि अवघ्या मध्यमवर्गाला सकाळी स्कूटर तिरकी करून किक मारायला शिकवलं!

पी-८ चे भाग चटकन सुटायचे आणि चटकन जुळायचे. पाणबुडीने वर यायचं, कोठी उघडायची, विमान जोडून पाण्यावर सोडायचं. ते परतलं की पुन्हा सुटं करून आत. लपणं हाच जिचा धंदा, तिने तोवर भर समुद्रात उघड्यावर ताटकळायचं! आता तुम्हीच सांगा, पाहुणे दारात उभे आणि आपण पलंगाचा सोफा करतोय, असंच झालं ना हे?

विमान पाणबुडीवर कधी चढलंच नाही. १९३१ साली कोठीही काढून टाकली. पी-८ नमुन्यापुरतंच उरलं.

जपानने पुढे हाच खटाटोप पार पाडला, हे खरं. पण ब्रिटिशांची एम-२ ही पाणबुडीही अशीच विमान बाळगून होती. २६ जानेवारी १९३२ ला ती पोर्टलंडजवळ बुडाली. सापडली तेव्हा तिच्या कोठीचं दार सताड उघडं होतं. साठच्या साठ माणसं गेली.

इटलीने हे ओळखून बेत सोडला असं मी म्हणणार नाही. एम-२ बुडाली ती नंतर. पण फिएरामोस्कावरच्या कुणालाही ते दार उघडावं लागलं नाही, एवढं खरं. विमान उडवणाऱ्यांचे पुतळे चौकाचौकांत उभे राहतात. बेताच्या कागदावर मुकाट्याने 'रद्द' लिहिणाऱ्याला साधा हारही मिळत नाही. मला विचाराल तर एखादा हार त्यालाही घालायला हरकत नाही.