वाळूखालचा निखारा



चुलीतला निखारा सकाळपर्यंत टिकवायचा असेल तर आपण काय करतो? त्याच्यावर राख ओढतो. आपल्या आज्या काडेपेटी जपून वापरायच्या. रात्री निखारा राखेत पुरायचा आणि पहाटे फुंकर घालून तोच फुलवायचा. झाकलेला विस्तव विझत नाही, हे चुलीपुढे बसलेल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका बेटावर काही पर्यटकांनी बंदी असलेल्या जागी शेकोटी केली. निघताना तिच्यावर पाणी ओतलं नाही, वाळू लोटली. त्या वाळूखालच्या विस्तवाने पुढे दोन महिने बेट जाळलं. ८७,००० हेक्टर, म्हणजे दोन लाख एकरांहून जास्त रान जळालं, बेटाचा निम्म्याहून अधिक भाग. डिसेंबरात हॅपी व्हॅली नावाच्या वस्तीतली माणसं हलवावी लागली. विमानांनी पाणी टाकलं, माणसं झटली, पण वणवा खरा शमला तो पाऊस आल्यावर.

बातम्या शेकोटीपाशी थांबल्या. आम्ही मात्र या बेटाचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा वाटलं की या आगीचं सरपण दीडशे वर्षं साठत होतं.

बेटाचं नाव गारी. क्वीन्सलँड राज्याच्या किनाऱ्याजवळ सव्वाशे किलोमीटरच्या आसपास लांब पसरलेलं, जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट. नुसत्या वाळूवर तिथे उंच उंच झाडांची दाट जंगलं उभी आहेत. पावसाचं पाणी आणि पानांचा कुजलेला थर, एवढ्यावर ती वाढली. किनाऱ्याला सुरूची झाडं आहेत, आपल्या कोकणात समुद्रकाठी लावतात तीच. तिथले मूळ रहिवासी बुचुल्ला लोक. त्यांच्या कथेत गारी ही एक स्त्री आहे. भूमी घडवायला आलेल्या देवदूताला तिने मदत केली, आणि ही जागा तिला इतकी आवडली की इथेच राहू दे म्हणून हट्ट धरला. मग त्याने तिला निजवलं आणि तिचं बेट केलं. तळी म्हणजे तिचे डोळे, झाडं म्हणजे तिचं वस्त्र.

हे लोक आगीला भीत नव्हते. हवा थंड असताना, जमिनीत ओल असताना ते थोडं थोडं रान पेटवत. ज्वाळा गुडघ्याच्या वर जात नसत, प्राण्यांना निसटायला वाट राहत असे. एक तुकडा जळालेला, शेजारचा हिरवा, पलीकडचा नुकता फुटलेला. वाळका पाचोळा साठतच नव्हता. आपल्याकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात, तेव्हा वारा पाहतात, बांध साफ करतात. त्यातली जाणती नजर आम्हाला इथे ओळखीची वाटली, जरी हेतू वेगळा असला तरी.

मग १८३६ साली एक जहाज फुटलं. कप्तानाची बायको एलायझा फ्रेझर या बेटावर आली आणि काही आठवडे बुचुल्ला लोकांमध्ये राहिली. सुटका झाल्यावर तिने आपल्या छळाच्या कहाण्या सांगितल्या, त्या छापल्या गेल्या आणि दर वेळी वाढत गेल्या. बुचुल्ला वडीलधारी मंडळी सांगतात की त्यांनी तिला सांभाळलं होतं. तिने सोसलं नाही असं आम्ही म्हणणार नाही, नवरा गेला होता तिचा. पण बेटाला नाव फ्रेझरचं लागलं, आणि इथले लोक रानटी ठरले.

१८६० मध्ये सरकारने हे बेट मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवलं होतं. दोनच वर्षांत, तिथलं लाकूड मौल्यवान आहे हे कळताच, तो हुकूम मागे घेतला. १८६३ पासून कुऱ्हाड चालली. तिथल्या सॅटिने झाडाच्या लाकडाला समुद्रातली कीड लागत नाही. ते सुएझ कालव्याच्या कामापर्यंत गेलं. १८९७ मध्ये बेटावर एक वसाहत काढून लोकांना तिथे कोंडलं. रोगराईने कितीतरी मेले. १९०४ मध्ये ती बंद झाली आणि उरलेल्यांना दूरदूरच्या वस्त्यांवर धाडलं. आग कधी लावायची, कुठे थांबवायची, हे जाणणारी माणसंच गेली. लाकूडवाल्यांच्या लेखी आग म्हणजे नुकसान. झुडपं दाटली, पाचोळ्याचे थर चढले. तोड १९९१ मध्ये थांबली, पुढच्या वर्षी बेट जागतिक वारसा ठरलं. पण नुसती तोड थांबवून पूर्वीची नजर परत येत नाही.

२०२० नंतर रान कसं उठलं, तेही ऐका. निलगिरीच्या जळक्या बुंध्यावर सालीखाली डोळे झोपलेले असतात. आगीनंतर ते फुटले आणि काळ्या खोडांना अंगभर हिरवी लव आली. बँक्सियाच्या कित्येक जातींची लाकडी फळं आगीच्या धगीने उघडतात आणि बी राखेत पडतं. बाभळीच्या कुळातल्या झाडांचं कडक बी वर्षानुवर्षं जमिनीत पडून असतं, तेही धग लागल्यावर रुजतं. गवती झाड म्हणतात त्याला तर आगीनंतर उंच तुरे येतात.

पण हिरवं दिसलं म्हणजे सगळं भरून आलं असं नाही. सायप्रस पाईनसारखी झाडं कडक आगीत मरतात, त्यांना बुंध्यातून फूट येत नाही, बीपासूनच सुरुवात करावी लागते. जुन्या झाडांच्या ढोल्यांत पोपट, घुबडं, उडत्या खारींसारखे प्राणी राहतात. अशी ढोली व्हायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागतो. ओलसर दऱ्यांमधलं वर्षावन बरंचसं वाचलं, ते एक बरं झालं. आणि दाट रान एकदा कडक जळालं की एकाच वेळी फुटलेली झुडपं पुन्हा दाटतात. थंड आग वेळेवर फिरली नाही तर तेच पुढच्या वणव्याचं सरपण.

२०१४ मध्ये न्यायालयाने बुचुल्ला लोकांचा बेटावरचा पारंपरिक हक्क मान्य केला होता. २०२० च्या आगीनंतर सरकारने आढावा घेतला, तेव्हा वणव्याच्या कामात त्यांना जास्त सामील करून घ्यायला हवं हे मान्य झालं. आता बुचुल्ला वनरक्षक, त्यांत बायाही आहेत, हिवाळ्याच्या थंड दिवसांत वारा बघून रानात काडी लावतात आणि आगीबरोबर चालत जातात. जून २०२३ मध्ये सरकारी कागदावरून फ्रेझर नाव गेलं. बेट पुन्हा गारी झालं.