परिचारिकेची वही: नाइटिंगेल ते जामखेड

नर्सिंगच्या विद्यार्थिनीला आज एक शब्द वारंवार ऐकावा लागतो, 'रिफ्लेक्शन'. वॉर्डातील काम संपल्यावर त्याच कामाकडे पुन्हा पाहायचे. काय घडले, आपल्याला काय वाटले, कोठे चुकले, पुढच्या वेळी काय वेगळे करता येईल, हे लिहून काढायचे. मराठीत याला 'चिंतन' म्हणता येईल, पण त्या शब्दाला आपल्याकडे देवघराचा वास आहे. येथे अभिप्रेत आहे ते केलेल्या कामाचे परीक्षण, तेही ज्याने काम केले त्यानेच केलेले.

पाठ्यपुस्तकांत या कल्पनेचा इतिहास बहुधा डोनाल्ड शॉन या अमेरिकी अभ्यासकाच्या १९८३ मधील 'द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर' या ग्रंथाशी जोडला जातो. १९८८ मध्ये इंग्लंडमधील ग्रॅहम गिब्ज यांनी सहा टप्प्यांचे एक चक्र मांडले आणि ते चक्र जगभरच्या नर्सिंगच्या वह्यांत जाऊन बसले. आजच्या धाग्यातील प्रतिपादन असे, की ही गोष्ट त्याहून बरीच जुनी आहे आणि तिचा सर्वांत अस्सल प्रयोग आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, वहीशिवाय झाला.

सुरुवात लंडनपासून करावी लागते. १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची प्रशिक्षणशाळा १५ उमेदवार मुलींना घेऊन सुरू झाली. प्रत्येकीबद्दल दरमहा एक तक्ता भरला जाई. त्यात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा असे स्वभावाचे रकाने होते आणि त्यांच्याखाली कामातील कौशल्याचे. मुलींकडून रुग्णांच्या नोंदी व रोजनिशी लिहून घेतली जाई आणि नाइटिंगेल ती स्वतः वाचत. १८७२ पासून त्या उमेदवारांना पत्रेही लिहू लागल्या. परिचारिकेचे शिक्षण प्रमाणपत्राबरोबर संपत नाही, हा त्या पत्रांचा आग्रह होता. आज ज्याला 'व्यावसायिक विकास' म्हणतात, त्याचे बीज येथे स्पष्ट दिसते.

परंतु त्या रोजनिशीत एक अडचण होती. ती वरिष्ठांनी वाचायची होती. जी वही उद्या मेट्रनच्या टेबलावर जाणार आहे, तीत आपली चूक कोण प्रामाणिकपणे लिहील? वहीचा जन्मच तपासणीच्या तक्त्याशेजारी झाला, आणि माझ्या मते हा जन्मदोष तिला आजतागायत सोडून गेलेला नाही.

ही शिक्षणपद्धती मुंबईत आली ती १८८६ च्या कामा रुग्णालयाच्या सुमारास. काशीबाई गणपत हे मुंबईत १८९१ साली शिकू लागलेल्या पहिल्या भारतीय परिचारिकेचे नाव पाठ्यपुस्तकांत एका ओळीत येते आणि पुस्तक पुढे सरकते. त्या काळी परक्याचे मलमूत्र, जखमा, बाळंतपण यांना हात लावणे म्हणजे विटाळ. परपुरुषाची शुश्रूषा करणे तर त्याहून अवघड. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले आणि पुढे विधवांसह अनेक स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवले. या स्त्रियांपुढचा पहिला प्रश्न घरच्यांना आणि समाजाला तोंड देण्याचा होता. स्वतःच्या कामाची चिकित्सा ही फार पुढची चैन.

(थोडे अवांतर. इंग्रजी रुग्णालयात 'सिस्टर' हा वॉर्डप्रमुखाचा हुद्दा होता. आमच्या देवगाव रंगारीत मात्र इंजेक्शन देणारी प्रत्येक बाई सिस्टरच. हुद्दा पार पुसून गेला, नाते तेवढे उरले.)

व्यवसायाला कायद्याचा आधार मिळायला वेळ लागला. मुंबई प्रांताचा परिचारिका नोंदणीचा कायदा १९३५ चा, भारतीय परिचर्या परिषदेचा १९४७ चा. दरम्यान १९४६ मध्ये भोर समितीने देशातील परिचारिकांची संख्या सुमारे ७,००० दिली, म्हणजे साधारण ४३,००० लोकांमागे एक. अशा वेळी तिने रात्री बसून 'आज मला काय वाटले' हे लिहावे, ही अपेक्षाच हास्यास्पद ठरली असती.

आता जामखेड. वेल्लोरला वैद्यक शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० मध्ये बीडच्या सीमेवरील या दुष्काळी तालुक्यात आले. त्यांची पहिली योजना अगदी पुस्तकी होती. गावोगावी प्रशिक्षित एएनएम नेमायच्या. ती फसली. बाहेरगावची तरुण, एकटी मुलगी. गावात राहणे तिला सुरक्षित वाटेना आणि गावाचा तिच्यावर विश्वास बसेना. तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी, असे ठरले. निवडलेल्या बायकांपैकी अनेक दलित होत्या, बहुतेकींना अक्षरओळख नव्हती.

त्यांचे शिक्षण कसे झाले, हे मुळातून पाहण्यासारखे आहे. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करीत, जातपात बाजूला ठेवून एकत्र जेवत. नवा पाठ होई, पण बैठकीचा गाभा वेगळाच होता. गेल्या आठवड्यात आपल्या गावात काय घडले, हे प्रत्येकीने सांगायचे. कोणाचे बाळंतपण झाले, कोणते मूल वाळत चालले आहे, कोणी ऐकले नाही आणि का ऐकले नाही. मग बाकीच्या तिला विचारत, आपला अनुभव सांगत, आणि पुढच्या आठवड्यात काय करायचे ते ठरे. गिब्ज यांच्या चक्राचे सहाही टप्पे येथे होते, तेही ते चक्र कागदावर उतरण्याच्या दीड दशक आधी. भेद एकच. ऐकणारी वरिष्ठ नव्हती, शेजारच्या गावातील आपल्यासारखीच बाई होती. चूक सांगितल्याने गुण कापले जाणार नव्हते. उलट आपली चूक ऐकून दुसऱ्या गावातले मूल वाचण्याची शक्यता होती.

परिणाम आकड्यांत दिसतो. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९९० च्या दशकात हे प्रमाण विशीच्या आसपास आले. याचे सगळे श्रेय बैठकीला देणे अनैतिहासिक ठरेल. पाणी, शेती, महिला मंडळे, लसीकरण या सर्वांचा त्यात वाटा आहे. पण गावात काय चालले आहे, हे रुग्णालयाला आठवड्याच्या आत कळत होते, ते या बैठकीमुळेच. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या 'हेल्थ बाय द पीपल' या ग्रंथात जामखेडची नोंद झाली, १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गंमत अशी, की उतारवयातील नाइटिंगेल याच दिशेने निघाल्या होत्या. १८९२ मध्ये बकिंगहॅमशरच्या खेड्यांसाठी आरोग्यसेविका तयार करताना, व्याख्याने देऊन भागणार नाही, घरात जाऊन बायकांशी बोलावे लागेल, हे त्यांनी बजावले होते. भारतातील खेड्यांबाबतही त्या याच सुमारास लिहीत होत्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार झाला होता.

जामखेडमध्ये प्रशिक्षित परिचारिका निरुपयोगी ठरली, असा याचा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. तिचे काम बदलले. ती फिरत्या पथकाबरोबर गावोगावी जाऊ लागली, अवघड रुग्ण पाहू लागली, गावच्या सेविकेला शिकवू लागली. ज्ञान वाटून टाकणे हे कोणत्याही व्यावसायिकाला जड जाते. जिला सही करता येत नाही, तिच्याकडून गावाची खबर आणि गावाचे शहाणपण शिकायचे, तिला सहकारी मानायचे, हा तिच्या शिक्षणातला सर्वांत कठीण पाठ होता. तो कोणत्याही रकान्यात बसणारा नव्हता, आणि तो तिला पुन्हा पुन्हा, दर फेरीला, गिरवावा लागला.