तवा (आपला)

मंडळी, आज पुन्हा शनिवार, पुन्हा इतिहास. पण या वेळी सुरुवात मात्र अमेरिकेतून.

आमच्या टीममधला एक मित्र सध्या कॅलिफोर्नियात ऑनसाइट आहे. ऑगस्टमध्ये त्याने मला एक एक्सेल शीट पाठवली. मला वाटलं रिलीजची चेकलिस्ट असेल. उघडून बघतो तर काय, किराण्याची यादी! पठ्ठ्या नेवाडाच्या वाळवंटात ‘बर्निंग मॅन’ नावाच्या जत्रेला निघाला होता. ही जत्रा १९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रकिनाऱ्यावर सुरू झाली आणि १९९० मध्ये ब्लॅक रॉक वाळवंटात गेली. आता तिथे आठवडाभरासाठी सुमारे ७० हजारांचं गाव उभं राहतं, आणि त्या गावात बर्फ सोडला तर जवळपास काहीच विकत मिळत नाही. खाणंपिणं, तंबू, दिवे सगळं आपलं आपण न्यायचं. पाणी माणशी दिवसाला दीड गॅलन, म्हणजे जवळजवळ पावणेसहा लिटर. परत येताना कचराही आपला आपणच आणायचा.

मी हे कौतुकाने आजीला फोनवर सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मग नवं काय त्यात लेकरा? वारीच की ती. फक्त विठ्ठल नाही."

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, कयाधू नदीच्या काठच्या नर्सीपासून फार लांब नाही. नर्सी म्हणजे नर्सी नामदेव, संत नामदेवांचं (जन्म १२७०) जन्मगाव. आजीने पंचवीस-तीस वर्षं पायी वारी केली. दिवाळीला घरी गेलो तेव्हा तिने ट्रंकेतून आजोबांची वही काढून दिली. दर वर्षी आषाढाआधी वारीची यादी करायची हे काम आजोबांचं. ते स्वतः कधी वारीला गेले नाहीत, शेती कोण बघणार? पण यादी मात्र त्यांच्याच अक्षरात.

१९६६ चं पान असं आहे: ज्वारी, तूरडाळ, मीठ, तिखट, हळद, गूळ, शेंगदाणे, भगर, चहापत्ती, साखर, गोडेतेल, रॉकेल, काड्यापेट्या, मेणकापड, घोंगडी, दोरी, सुईदोरा, तांब्या. आणि सगळ्यात शेवटी, कंसासकट: तवा (आपला).

हा कंस काही डोक्यातून जाईना. दिंडीत पन्नास माणसं असतील तर तवेही असतीलच ना? मग लोखंडाचं हे ओझं "आपलं" म्हणून का न्यायचं? पण त्याआधी बाकीच्या यादीचा हिशोब करू. इंजिनियर माणूस, सवय जात नाही.

चालणाऱ्या माणसाला दिवसाला अर्धा किलो पीठ धरा. वीस दिवसांची चाल धरली तर माणशी दहा किलो. शंभर माणसांच्या दिंडीला दहा क्विंटल, आणि हे फक्त भाकरीचं, तेही एका बाजूचं. डोक्यावर कपड्यांचं गाठोडं, खांद्यावर पताका, हातात टाळ, त्यात दहा किलो धान्य घेऊन कोणी चालू शकत नाही. म्हणून बैलगाडी, आणि पुढे ट्रक. बरं, पीठ दळून नेऊनही भागत नाही. पावसाळी हवेत ज्वारीच्या पिठाची विरी जाते, मग भाकरी थापायला घेतली की मोडते. म्हणून ज्वारी आख्खी न्यायची आणि वाटेत दळायची. आधी जात्यावर, मग गावोगावच्या चक्कीवर. दोन एकादशा सापडतात म्हणून भगर. "एकादशी दुप्पट खाशी" म्हणतात ते पोत्याच्या वजनावरून तरी खरंच आहे :-)

यादीतल्या वस्तूंचं वय काढलं तर आणखी मजा. मिरची आणि भुईमूग दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांनी समुद्रमार्ग उघडल्यानंतर आपल्याकडे आलेले. चहा खेडोपाडी पोचला तो विसाव्या शतकात. म्हणजे नामदेवांच्या काळातल्या यादीतून तिखट, शेंगदाणे, चहा, रॉकेल आणि काड्यापेटी वजा करा. उरतं काय? ज्वारी, डाळ, मीठ, गूळ, घोंगडी. ही यादी सातशे वर्षांत फारशी बदललेली नाही.

हा सगळा बंदोबस्त संघटितपणे कधी झाला? तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. पुढे १८३० च्या दशकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त दिली. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी होते, म्हणजे फौजेचा मुक्काम कसा हलवायचा हे त्यांना ठाऊक असणार. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. दिंड्यांचे क्रमांक, मुक्कामाच्या जागा, कूच करायची वेळ, सगळं लष्करासारखं. पण लष्कराला सरकारी कोठार असतं. वारीत धान्य आपापलंच. प्रत्येक दिंडी आपला संसार पाठीवर घेऊन निघते.

आमच्या भागाची अडचण आणखी वेगळी होती. १९४८ पर्यंत हिंगोली निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात. (आपला जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ ला.) पंढरपूर मात्र इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. म्हणजे आमचे पणजोबा वारीला जायचे तेव्हा चक्क सीमा ओलांडायचे. इकडे चालायचा हाली सिक्का, तिकडे कलदार रुपया. साधारण सात हालींना सहा कलदार असा भाव. मालाच्या जकातीसाठी निजामाचं करोडगिरी खातं होतं. आजी सांगते, तिच्या सासऱ्यांच्या तोंडी "बार्शीच्या आधी कलदार करून घ्या" हे वाक्य कायम असायचं. मला वाटतं, धान्य घरूनच न्यायची सवय आमच्याकडे इतकी पक्की होण्यामागे हेही एक कारण असावं. ज्वारीला वटाव लागत नाही.

असो. विषयांतर झालं. तव्याकडे येतो.

मी आजीला सरळ विचारलं, आपला तवा कशाला न्यायचीस? ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "तवा आपला, म्हणजे चूल आपली."

तेव्हा ट्यूब पेटली. आपल्याकडे "शिधा" हा शब्द उगाच नाही. शिधा म्हणजे कोरडं धान्य. जुन्या रिवाजात कोरडा शिधा कोणाकडूनही घेता यायचा. पण त्याला पाणी आणि विस्तव लागला की तो कोणाच्या हातचा हा प्रश्न यायचा. म्हणून कोरडं धान्य घेऊन निघालेली दिंडी दिवसभर एका टाळावर चालायची आणि संध्याकाळी तीन चुलींवर फुटायची. इरावती कर्वे वारीत चालल्या होत्या. त्यांच्या ‘वाटचाल’ या लेखात (त्याचा इंग्रजी अनुवाद १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला) नेमकं हेच आहे. एकाच दिंडीत ब्राह्मण वेगळे जेवतात, मराठे वेगळे, आणि बाईंना ते सलत राहतं. त्या मराठा बायकांच्या पंगतीत जाऊन जेवल्या, आणि त्यानंतर त्या बायका त्यांच्याशी जास्त मोकळ्या झाल्या.

आणि हे कोणाच्या वारीत? ज्या नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, की कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली तर हे तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, त्यांच्या! मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली अशी परंपरा आहे. पण ती समाधी देवळाच्या बाहेरच राहिली, आणि चोखोबांच्या लोकांना देऊळ उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, तेही साने गुरुजींनी मे महिन्यात दहा दिवस उपोषण केल्यावर.

गंमत म्हणजे याच नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबमध्ये आहेत. शीख भाविक नर्सीला दर्शनाला येतात. आमच्या शेजारी नांदेडला हजूर साहिबच्या लंगरमध्ये मी कॉलेजात असताना कितीदा जेवलोय. तिथे कोणी शिधा घेऊन येत नाही. कोणी लाटलं, कोणी भाजलं, विचारायची सोय नाही, पंगतीत बसायचं आणि हात पुढे करायचा. एकाच संताला मानणाऱ्यांच्या जेवणाच्या दोन तऱ्हा, आणि दोन्ही आमच्या घरापासून एसटीच्या अंतरावर.

वारकऱ्यांना हे कळत नव्हतं असंही नाही. आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो. लाह्या, दही, जे असेल ते एकत्र कालवून एकमेकांच्या तोंडात घालायचं. म्हणजे महिनाभर जी पोती वेगळी ठेवली ती शेवटच्या दिवशी मोकळी करायची. कृष्णाने सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या, तसं. प्रश्न एवढाच, की काला एका दिवसाचा आणि चुली वीस दिवसांच्या.

आता वहीचं १९७३ चं पान. दुष्काळाचं वर्ष. ज्वारीच्या जागी लिहिलंय "मिलो". रेशनवर मिळणारं ते परदेशी लाल धान्य. मराठवाड्यातल्या त्या पिढीला मिलो म्हटलं की अजून तोंड वाकडं होतं. त्या वर्षी वारीत माणसं कमी, पोती त्याहून कमी. आजी सांगते, दहाव्या-अकराव्या दिवशी आमच्या चुलीवरचं पीठ संपलं. दिंडीत तिच्याच गावची एक बाई होती, खालच्या आळीतली. सात-आठ वर्षं दोघी शेजारी-शेजारी चालत होत्या, एकमेकींची पोरं, दुखणी सगळं माहीत. पण पाणीसुद्धा आपापल्या तांब्यातलं. त्या संध्याकाळी त्या बाईने आपल्या तव्यावरची गरम भाकरी फडक्यात गुंडाळून आणली आणि काही न बोलता आजीपुढे ठेवली.

"मग?"

"मग काय. खाल्ली. भूक होती." थोड्या वेळाने म्हणाली, "तिची भाकरी माझ्यापेक्षा पातळ यायची रे."

मी पुढची पानं उलटली. मला अपेक्षा होती की १९७४ पासून तवा गायब असेल. नाही! १९७४, ७५, ७६... प्रत्येक पानावर शेवटी तेच, तवा (आपला). थेट १९८८ पर्यंत, म्हणजे आजोबा होते तोवर. मी आजीला दाखवलं, म्हटलं, मग फरक काय पडला?

आजी हसली. म्हणाली, "तुझा आजा लिहायचा. मी गाडीत सामान चढवताना तवा काढून कणगीमागं ठेवून द्यायचे."

पंधरा वर्षं! आणि आजोबांना पत्ता नाही. (किंवा होता. आजोबा तसे हुशार होते.)

इतिहास लिहिणारे कागदावर विसंबतात. मीही वही बघून ठोकून दिलं असतं की आमच्या घरी १९८८ पर्यंत चूल वेगळीच होती. यादी करणारा घरी बसला होता आणि सामान बांधणारीला लिहिता येत नव्हतं, हे त्या वहीत कुठेच नाही.

हल्ली दिंड्यांबरोबर गॅसच्या शेगड्या असतात, पाण्याचे टँकर असतात, आणि वाटेतली गावंच इतकं खाऊ घालतात की यादी अर्ध्या पानाची झालीय. आजीचे गुडघे गेल्याने तिची वारी थांबली. तो तवा अजून घरात आहे. दिवाळीत त्यावरचीच भाकरी खाऊन आलो.

तुमच्या घरी अशी एखादी वही असेल तर जरूर उघडून बघा. आणि सामान कोण बांधायचं, तेही विचारा. ते माणूस आहे तोवर.