पाणी, पंगत आणि आपला ग्रामसंघ

नमस्कार मैत्रिणींनो. महागाव तालुक्यातल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या सगळ्या बचतगटांच्या ताई, मावशी, आजी, सगळ्यांना आमचा रामराम, जयभीम, जय सेवालाल, सलाम.

बघा, नमस्कारालाच एवढे शब्द लागले. कारण आपलं गाव म्हणजे एकच वस्ती नाही. गावठाण आहे, तांडा आहे, बौद्धवाडा आहे, आदिवासी वस्ती आहे, मोहल्ला आहे. शेतं एकमेकींना लागून, बाजार एक, एसटी एक, दवाखाना एक. पण घरातला माठ आणि जेवणाची पंगत? ती एक आहे का? आजचं बोलणं त्यावर आहे.

हा विषय आजच कशाला? आपला गट दहा ते वीस जणींचा असतो. दर आठवड्याला जमायचं, तर घरं जवळ पाहिजेत. म्हणून एका वस्तीतल्या बायांचा एक गट होतो. तांड्याचा वेगळा, वाड्याचा वेगळा, गावठाणातला वेगळा. त्यात कोणाचा दोष नाही, सोयीनं तसं होतं. पण हे सगळे गट मिळून जेव्हा ग्रामसंघ होतो, तेव्हा पहिल्यांदा साऱ्या वस्त्यांतल्या बाया एका सतरंजीवर येतात. हिशोबाला काही अडचण येत नाही, कर्जाचा ठराव होतो, सह्या होतात. मग चहा येतो. वर्षाची सभा असली तर जेवण असतं. खरी परीक्षा तिथं सुरू होते. कोणी म्हणतं, "माझा आज उपास आहे." कोणी घरून डबा आणते आणि कोपऱ्यात बसते. कोणी पाण्याची बाटली सोबत घेऊनच येते. तोंडानं कोणी काही बोलत नाही. पण जिला कळायचं तिला कळतं.

ही परीक्षा नवी नाही. आपल्या आधीच्या बायांनीही ती दिली आहे, आणि ती आपल्याच विदर्भात, नागपूरला. ती गोष्ट सांगण्याआधी थोडं मागं जाऊ.

सुरुवात पाण्यापासून करू, कारण पाणी भरतो आपणच. १८६८ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. आज ऐकायला सोपं वाटतं. त्या काळी ज्यांना गावच्या विहिरीवर चढता येत नव्हतं, त्या बाया घागर घेऊन दूर उभ्या राहायच्या. कोणी दया येऊन वरून पाणी ओतलं तर घागर भरायची, नाही तर नाही. उन्हाळ्यात पाण्यासाठी चार तास थांबणं काय असतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जोतीरावांच्या घरातल्या हौदाचा अर्थ असा, की ते घर सावित्रीबाईंचंही होतं. दारात येणाऱ्या बाईला 'भर गं पाणी' म्हणणं हे त्यांच्याही घरचं काम होतं.

पुढे १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांनी ठराव मांडला, की सरकारी पैशातून बांधलेली तळी, विहिरी, धर्मशाळा सगळ्यांना खुल्या असाव्यात. तो मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद झाला. पण कागदानं तहान भागत नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. त्यानंतर त्या माणसांना मारहाण झाली, आणि तळं 'बाटलं' म्हणून शेण-गोमूत्रानं त्याची शुद्धी करण्यात आली. ज्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, ते माणसाच्या ओंजळीनं बाटलं! त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद झाली. तिथं बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले. जातीची खूण सांगणारं नेसणं आणि दागिने सोडा, नीटनेटक्या राहा, मुलींना शिकवा, असं त्यांचं सांगणं होतं. बायांनी लगेच लुगडं नेसायची पद्धत बदलली. तळ्याचा खटला मात्र कोर्टात चालत राहिला. उच्च न्यायालयाचा निकाल लागला मार्च १९३७ मध्ये. एका ओंजळीसाठी दहा वर्षं.

आपल्या वऱ्हाडातही त्याच सुमारास हालचाल होती. १९२७ साली अमरावतीला अंबादेवीचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून चळवळ झाली, त्यात डॉ. पंजाबराव देशमुख पुढे होते. १९२८ साली वर्ध्याला जमनालाल बजाज यांनी आपलं लक्ष्मीनारायण मंदिर सगळ्या जातींना खुलं केलं. गाडगेबाबा तर आपल्याच भागातले. ज्या गावात जातील तिथं आधी खराटा घेऊन गाव झाडायचे, आणि रात्री कीर्तनातून शिवाशिवीवर कोरडे ओढायचे. पंढरपूरला त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली, कारण वारीला आलेल्या अस्पृश्य मानलेल्या माणसाला रात्री टेकायला जागा मिळत नव्हती.

आता येऊ नागपूरच्या गोष्टीकडे.

जाईबाई चौधरी हे नाव आपल्यातल्या फार जणींनी ऐकलेलं नसेल. जन्म १८९२ चा, उमरेडचा. दुष्काळात घर नागपूरला आलं. जाईबाईंनी डोक्यावर ओझी वाहिली. कामठी आणि नागपूरच्या दरम्यान हमालीचं काम केलं. एका मिशनरी बाईंनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं आणि शाळेत शिकवायची नोकरी दिली. पगार महिन्याला चार रुपये. पण अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते, हे काही लोकांना चाललं नाही. नोकरी गेली, पुन्हा हमाली आली. एवढं होऊनही जाईबाई रडत बसल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा कन्याशाळा काढली. डोक्यावरचं ओझं उतरवून मुलींच्या हातात पाटी देणारी ही बाई.

त्याच काळात देशभरातल्या शिकलेल्या बायांची एक मोठी संघटना होती, अखिल भारतीय महिला परिषद. १९२७ साली पुण्यात तिची पहिली बैठक झाली. तिनं मुलींच्या शिक्षणासाठी, बालविवाह बंदीच्या कायद्यासाठी चांगलं काम केलं, हे कबूल केलंच पाहिजे. डिसेंबर १९३७ मध्ये या परिषदेचं अधिवेशन नागपूरला भरलं. देशभरातून बाया आल्या. जाईबाई आणि त्यांच्यासारख्या कार्यकर्त्याही गेल्या. व्यासपीठावर बायांच्या हक्कांची भाषणं चालली होती. आणि जेवणाची वेळ झाली तेव्हा अस्पृश्य मानलेल्या बायांची बसायची व्यवस्था वेगळी केली गेली.

मैत्रिणींनो, जरा विचार करा. मार्चमध्ये कोर्ट म्हणतं तळं सगळ्यांचं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात बायांचीच परिषद म्हणते पंगत सगळ्यांची नाही. ज्या बाया स्वतः घरातल्या पुरुषांकडे समान वागणूक मागत होत्या, त्यांनी दुसऱ्या बाईला ताट लावताना हात आखडला. त्या बाया वाईट होत्या असं आम्हाला म्हणायचं नाही. पुष्कळ जणींना हे जाणवलंही नसेल. 'वाढणाऱ्या बाईला अवघड वाटेल', 'पाहुण्यांचा मान राहिला पाहिजे', 'उगाच वाद नको', अशाच कारणांनी पंगती वेगळ्या होतात. अपमान करायचा म्हणून करणारे थोडे असतात. गैरसोय टाळायची म्हणून करणारे फार.

जाईबाई काय म्हणाल्या असतील? जाऊ द्या, एका जेवणानं काय होतं? नाही. १ जानेवारी १९३८ ला नागपुरात दलित स्त्रियांची सभा झाली, या वागणुकीचा निषेध झाला, आणि आपली संघटना आपणच उभी करायची असं ठरलं. ते बोलणं हवेत विरलं नाही. २० जुलै १९४२ ला नागपुरातच दलित वर्गाच्या महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या. तेव्हा ना मोबाईल, ना गावोगाव एसटी. त्या परिषदेत बायांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, एका पुरुषानं अनेक बायका करण्यावर बंदी मागितली, गिरणीतल्या कामगार बायांना रजा मागितली, मुलींसाठी वसतिगृहं मागितली. बाबासाहेबांनी तिथं सांगितलं, की समाज किती पुढे गेला हे आपण त्या समाजातल्या बाया किती पुढे गेल्या यावरून मोजतो.

एका वेगळ्या पंगतीतून एवढी मोठी परिषद उभी राहिली, हे अभिमानाचं आहे. पण त्यात एक नुकसानही झालं. दोन संघटना वेगळ्या झाल्या. ज्यांना एकत्र मागता आलं असतं त्या वेगवेगळ्या मागू लागल्या. ताट वेगळं केलं की ताकद वेगळी होते. आपल्या ग्रामसंघानं या इतिहासातून घ्यायचं ते हेच.

१९५० साली राज्यघटना आली. तिच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता संपवली. १९५५ साली तिच्यासाठी शिक्षेचा कायदा झाला. आपल्या महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा वेगळा कायदाही आहे. २०१६ चा हा कायदा २०१७ पासून लागू झाला. एखाद्या घराला जातपंचायतीनं किंवा गावकीनं वाळीत टाकलं, कार्यक्रमाला येऊ दिलं नाही, बोलणं-चालणं बंद करायला लावलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आंतरजातीय लग्न केलेल्या मुलीच्या घराला पंगतीतून उठवणं हा घरगुती मामला नाही, गुन्हा आहे. आपल्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक यांनी १९४१ साली आंतरजातीय लग्न केलं होतं. तेच पुढे अकरा वर्षांहून जास्त काळ राज्याचे मुख्यमंत्री राहिले.

आणखी एक पंगत आहे, तिच्याबद्दल बोललंच पाहिजे. ती हळदीकुंकवाची. नवरा गेलेल्या बाईला आपण गटात सचिव करतो, बँकेत पाठवतो, तिच्या सहीवर लाखाचं कर्ज उचलतो. आणि संक्रांतीला तिलाच बोलवत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. मग राज्य सरकारनंही इतर ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. एका गावाच्या ग्रामसभेनं राज्याला वाट दाखवली. ग्रामसभेत आपणही बसतो ना?

मग करायचं काय? मोठं भाषण नको. आमच्या भागातल्या गटांमधून चालण्यासारख्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, ग्रामसंघाची बैठक आळीपाळीनं प्रत्येक वस्तीत घ्या. यंदा समाजमंदिरात, पुढच्या खेपेला तांड्यावर, मग वाड्यात, मग मोहल्ल्यात. जिच्या वस्तीत बैठक तिच्या वस्तीचं पाणी आणि चहा. 'मला चालत नाही' म्हणणारी पहिल्या वेळी अवघडून बसेल. तिला हसू नका. तिसऱ्या वेळी तीच कप पुढे करेल.

दुसरी, पंगत एक म्हणजे ताट एक नव्हे. कोणी मटण खात नाही, कोणाचा सोमवार असतो, कोणाचे रोजे असतात. त्याचा मान राखायचा. जेवण सगळ्यांना चालेल असं साधं ठेवा, रमजानात दुपारचं जेवण ठेवू नका, कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडेल अशा वेळी बैठक लावू नका. खाण्याची आवड वेगळी असणं हा जिचा-तिचा प्रश्न आहे. शेजारी बसायचं नाही, हा मात्र सगळ्यांचा प्रश्न आहे.

तिसरी, वाढायचं काम चिठ्ठ्या टाकून द्या. ज्यांची चिठ्ठी निघेल त्या वाढतील, मग त्या कोणत्याही वस्तीतल्या असोत. भांडी घासायचं कामही तसंच. नाही तर वाढणाऱ्या नेहमी एकीकडच्या आणि घासणाऱ्या नेहमी दुसरीकडच्या, असं नकळत होत जातं.

चौथी, बोलणं सांभाळा. 'तुमच्यातल्या', 'आमच्यातल्या' हे शब्द काढून टाका. बाईला नावानं हाक मारा, ताई म्हणा, मावशी म्हणा. एखादीला कोणी टोमणा मारला, तर तिनंच उत्तर द्यावं याची वाट बघू नका. शेजारी बसलेलीनं बोलावं. जिला लागतं ती बोलली तर 'भांडखोर' ठरते. शेजारीण बोलली तर नियम ठरतो. आणि हा नियम ठराव वहीत लिहा. कर्जाची परतफेड आपण लिहून ठेवतो, मग माणुसकीची कशाला तोंडी ठेवायची?

आपल्या विदर्भात गावोगाव तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते. लहानथोर, सगळ्या जातीचे, एका ओळीत जमिनीवर बसतात. तिथं कोणी विचारत नाही की शेजारी कोण बसलं. प्रार्थनेला जमतं ते जेवणाला का जमू नये?

येत्या सभेचं आमंत्रण लिहाल तेव्हा खाली एक ओळ जास्त लिहा: 'सभेनंतर सर्व सभासदांची एकत्र पंगत.' आणि पंगतीत बसताना, जिच्याजवळ आजवर बसला नाहीत तिच्याजवळ जागा धरा. नागपूरला १९३७ साली जे ताट वेगळं मांडलं गेलं, ते परत ओळीत आणायचं काम आपल्या हातात आहे, आणि त्याला ना कर्ज लागतं, ना अनुदान.

पुढच्या वेळी भेटू. तोवर नमस्कार.