व्यसन आणि नैराश्य : एकाच रुग्णाचे दोन आजार आणि उपचारांचा इतिहास

दारू सोडवण्यासाठी आलेल्या माणसाला नैराश्यानेही ग्रासले असेल, तर आधी उपचार कशावर करायचे? या प्रश्नाला वैद्यकव्यवस्थेने बराच काळ एकच उत्तर दिले : आधी दुसरीकडे जाऊन या. मानसोपचार विभाग सांगे, दारू सुटल्यावर या. व्यसनमुक्ती केंद्र सांगे, मन स्थिर झाल्यावर या. या फेऱ्यांत रुग्ण अनेकदा दोन्हींकडून निसटत असे.

असे रुग्ण अपवादात्मक असतील, हा समज 1990 साली मोडला. अमेरिकेतील पाच ठिकाणी 20,291 व्यक्तींच्या मुलाखती घेऊन केलेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष त्या वर्षी डॅरेल रेगियर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. आयुष्यात कधी ना कधी मद्यविकार झालेल्यांपैकी 37 टक्के लोकांना एखादा मानसिक विकारही झालेला होता. मद्याखेरीज इतर अमली पदार्थांच्या विकारांत हे प्रमाण 53 टक्के होते. म्हणजे ज्याला 'गुंतागुंतीचा रुग्ण' म्हणून बाजूला काढले जात होते, तोच जवळजवळ नेहमीचा रुग्ण निघाला.

या जोडीमागचे कार्यकारण एकेरी नाही. काही जण चिंता किंवा उदासी दबवण्यासाठी पिऊ लागतात. एडवर्ड खांट्झियन यांनी 1985 साली मांडलेले 'स्वयं-औषधोपचारा'चे गृहीतक हेच सांगते. उलट दिशाही तितकीच खरी आहे. मद्य मेंदूतील उत्तेजना मंदावते आणि दीर्घकाळ पिणाऱ्याचा मेंदू त्याला तोंड देण्यासाठी स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. मद्य अचानक थांबले की ही वाढीव उत्तेजना कंप, निद्रानाश आणि तीव्र चिंता या रूपांत बाहेर पडते. त्यामुळे समोरचे नैराश्य मूळचे की दारूने आणलेले, हे पहिल्या भेटीत ठरवणे अवघड असते. दारू थांबल्यावर साधारण महिनाभरानेही ते टिकले, तर तो स्वतंत्र आजार असण्याची शक्यता वाढते. आता हा महिनाभर रुग्णाकडे लक्ष कोणी ठेवायचे? दोन विभाग वेगवेगळे असतील, तर बहुधा कोणीच नाही. म्हणूनच केनेथ मिंकॉफ आणि रॉबर्ट ड्रेक यांच्यासारख्या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी 1980च्या दशकाच्या अखेरीपासून एकात्मिक उपचारांचा आग्रह धरला : एकच चमू, एकच योजना, दोन्ही आजार.

महाराष्ट्रात या दिशेने एक पाऊल त्याआधीच पडले होते. 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे यांच्या देणगीचा त्याला आधार होता. अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि केंद्राची सुरुवातही त्याच आवारात झाली. व्यसन हा चारित्र्याचा दोष नसून आजार आहे, ही भूमिका मराठी घरांपर्यंत पोहोचवण्यात या केंद्राचा मोठा वाटा आहे. मात्र हा उपचार निवासी होता. तीव्र अवलंबित्व असलेल्यांना त्याची गरज असते, पण रोजंदारीवर जगणाऱ्याला काही आठवडे घर आणि काम सोडणे परवडत नाही. शिवाय ज्याचे पिणे हानिकारक झाले आहे पण अजून पूर्ण अवलंबित्वापर्यंत गेलेले नाही, असा मोठा वर्ग निवासी केंद्राकडे वळतच नाही. तो भेटतो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेत, पोटदुखी किंवा अंगदुखीची तक्रार घेऊन.

या रांगेतच उपचार देता येतील का, याची काटेकोर परीक्षा गोव्यात झाली. 1996 साली स्थापन झालेल्या 'संगत' या संस्थेने गोव्यातील 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत दोन यादृच्छिक चाचण्या घेतल्या. 2013 ते 2015 या काळात त्यांत रुग्ण सहभागी झाले आणि निष्कर्ष 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. एक चाचणी हानिकारक मद्यपान करणाऱ्या पुरुषांसाठी होती, दुसरी मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी. उपचार देणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. ते प्रशिक्षण घेतलेले स्थानिक समुपदेशक होते. मद्यपानासाठी विल्यम मिलर यांनी 1983 साली मांडलेल्या प्रेरक संवादाचा आधार घेतला होता, ज्यात उपदेश टाळून रुग्णाकडूनच बदलाची कारणे वदवून घेतली जातात. नैराश्यासाठी 'वर्तन-सक्रियते'चा, म्हणजे आनंद किंवा समाधान देणाऱ्या कृतींकडे रुग्णाला टप्प्याटप्प्याने परत नेण्याचा.

तीन महिन्यांनी नैराश्याच्या चाचणीत समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के रुग्ण आजाराच्या मर्यादेबाहेर आले. केवळ सुधारित नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात 39 टक्के. मद्यपानाच्या चाचणीत हेच आकडे 36 आणि 26 टक्के होते. शेवटच्या 14 दिवसांत अजिबात न प्यायलेल्यांचे प्रमाण 42 विरुद्ध 18 टक्के भरले. मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे नोंदवल्या गेल्या : जे पीत राहिले त्यांच्या पिण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही.

गोव्याच्या प्रयोगाने बाह्यरुग्ण विभागाची क्षमता सिद्ध केली, पण दोन्ही आजार एकाच माणसात असताना काय करायचे, हा प्रश्न पूर्ण सुटला नाही. चाचण्या दोन होत्या आणि पद्धतीही दोन. संशोधनात एका वेळी एक प्रश्न विचारणे योग्यच असते. व्यवस्थेला मात्र ती सबब नाही. भारतात व्यसनमुक्ती केंद्रांचे अनुदान प्रामुख्याने सामाजिक न्याय मंत्रालयाकडून येते, तर मानसिक आरोग्य आरोग्य मंत्रालयाकडे आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 ने मद्य आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येतच समावेश केला. कायद्याने दोन आजार एका वाक्यात आले. रुग्णाचा केसपेपर मात्र अजून एक झालेला नाही.

याची किंमत आकड्यांत दिसते. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्यावर अवलंबून असलेल्या 38 व्यक्तींपैकी जेमतेम एकाला कोणताही उपचार मिळाला होता, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेली व्यक्ती 180 मध्ये एक होती. केवळ खाटा वाढवून ही दरी भरणार नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एकाच बैठकीत 'किती पिता?' आणि 'मन कसे असते?' हे दोन्ही प्रश्न विचारणारी एक प्रशिक्षित व्यक्ती लागेल. असे प्रशिक्षण देता येते, हे गोव्याने दाखवले आहे.

एक सूचना : दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दारू एकदम बंद करू नये; झटके आणि वातभ्रम जिवावर बेतू शकतात. मानसिक आरोग्यासाठी 'टेली-मानस' 14416 आणि व्यसनमुक्तीसाठी 14446 या राष्ट्रीय मदतवाहिन्या उपलब्ध आहेत. क्रमांक अजून दोनच आहेत. पण दोन्हींपैकी कोठूनही सुरुवात करता येते.