बार्शी लाईटचा फोटो

आमच्या शिरूर अनंतपाळला रेल्वे नाही. तरी अब्बांच्या संदुकीत लातूरच्या जुन्या स्टेशनचा पिवळा पडलेला फोटो आहे. मागे अडीच फुटी रुळांवरची बार्शी लाईट. १८९७ ला कुर्डुवाडी-बार्शी सुरू झालेली ही लाईन १९११ ला लातूरला पोचली, म्हणजे इंग्रजी मुलखातून निजामाच्या मुलखात. १९२७ ला दुसरं टोक मिरजेला भिडलं. २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर ब्रॉडगेज झालं, मार्ग उस्मानाबादकडे वळला, छोटी गाडी गेली. २०१६ च्या दुष्काळात मात्र लातूरला पाणी रेल्वेनंच आलं, तेही मिरजेहूनच!

फोटोत चौघे उभे आहेत. तिघांची नावं फुफी सांगते. चौथ्याचं तिलाही आठवत नाही, आणि विचारायला अब्बा नाहीत.