व्यवस्थापकीय अर्थशास्त्र

उत्पादन किती करावे, मालाची किंमत काय ठेवावी, नवी यंत्रसामग्री घ्यावी की जुनीच चालवावी, तोट्यातील विभाग बंद करावा की नाही, यांसारखे निर्णय घेताना उद्योगसंस्थेच्या व्यवस्थापकाला उपयोगी पडणाऱ्या आर्थिक संकल्पनांचा व विश्लेषणपद्धतींचा अभ्यास करणारी अर्थशास्त्राची शाखा. मूल्यसिद्धांत हा तिचा पाया असून लेखाशास्त्र, संख्याशास्त्र व गणित यांचा ती आधार घेते. तिला स्वतंत्र नाव व स्थान विसाव्या शतकाच्या मध्यास मिळाले. परिव्यय म्हणजे उत्पादनखर्च नेमका कोणता मोजावयाचा, या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञ व व्यावसायिक यांच्यात जो दीर्घ वाद झाला, त्यातूनच ही शाखा मुख्यत्वे आकारास आली.

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात पूल आणि लोहमार्ग यांच्या संदर्भात प्रथम तीव्रतेने जाणवला. रूळ, पूल, बोगदे यांवरील प्रचंड खर्च आधीच होऊन गेलेला असतो. एक जादा प्रवासी नेण्यास त्या मानाने जवळजवळ काहीच लागत नाही. सर्व खर्च प्रवाशांवर सारखा वाटून भाडे ठरविले, तर डबे रिकामे धावण्याची भीती. केवळ जादा खर्चापुरते भाडे घेतले, तर भांडवलाची भरपाई होत नाही. ऑग्युस्तँ कूर्नो (१८०१–७७) या फ्रेंच गणितज्ञाने महत्तम नफा देणारी किंमत कशी ठरते, याचे गणिती विवेचन १८३८ मध्ये केले. झ्यूल द्यूप्वी या अभियंत्याने १८४४ मध्ये सार्वजनिक बांधकामांची उपयुक्तता मोजण्याचा प्रयत्न करताना पुलावरील पथकराचा विचार केला. भाडे वाढवीत गेल्यास एका मर्यादेनंतर नफा घटू लागतो, हे डायोनिशियस लार्डनर याने लोहमार्गांच्या अर्थकारणावरील आपल्या १८५० च्या ग्रंथात दाखविले. पुढे ॲल्फ्रेड मार्शल व त्याच्या अनुयायांनी हा विचार सीमांत परिव्यय व सीमांत प्राप्ती यांच्या समतोलाच्या सूत्रात बसविला. परंतु ते सूत्र विद्यापीठांतच राहिले. कारखान्यांतील हिशेबनीस सर्व खर्चाची बेरीज करून त्यास नगसंख्येने भागीत राहिले.

या दोहोंतील अंतर जॉन मॉरिस क्लार्क (१८८४–१९६३) या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये वरकड खर्चांवरील आपल्या ग्रंथात उघड केले. परिव्यय हा एकच आकडा नसून ज्या निर्णयासाठी तो हवा त्यानुसार तो बदलतो, असे त्याचे प्रतिपादन होते. समजा, एका नगाचा परिव्यय १०० रुपये असून त्यांपैकी ६० रुपये कच्चा माल, मजुरी व वीज यांवर, तर ४० रुपये भाडे, घसारा व कायम पगार यांपोटी धरले आहेत. मंदीच्या दिवसांत कोणी ८० रुपयांना मागणी नोंदविली, तर १०० च्या आकड्याकडे पाहणारा व्यवस्थापक ती नाकारील. वस्तुतः भाडे व पगार चुकणार नसतातच. मागणी स्वीकारल्यास प्रत्येक नगामागे २० रुपये त्या खर्चास हातभार लावतात. अर्थात नेहमीच्या गिऱ्हाइकांनीही तीच किंमत मागितली, तर हा हिशेब उलटतो. क्लार्कचा आणखी एक विचार आजही बोचरा वाटतो. मालकाच्या वहीत मजुरी हा बदलता खर्च असतो. परंतु कामगाराला कमी केल्याने त्याच्या कुटुंबाचा निर्वाहखर्च थांबत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या माथी जातो. समाजाच्या दृष्टीने श्रम हाही वरकड खर्चच ठरतो. नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी या मुद्द्याकडे सहसा दुर्लक्ष केले.

जोएल डीन (१९०६–७९) याने फर्निचर, चामडी पट्टे व मोजे तयार करणाऱ्या कारखान्यांच्या नोंदींवरून परिव्ययाचे संख्याशास्त्रीय मापन केले. निरीक्षणाच्या मर्यादेत सीमांत परिव्यय साधारणपणे स्थिर राहतो, असे त्यास आढळले. पाठ्यपुस्तकांतील वर चढणारा वक्र दिसला नाही. आर. एल. हॉल व सी. जे. हिच यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेला ऑक्सफर्डमधील अभ्यास ३८ उद्योजकांच्या मुलाखतींवर आधारलेला होता. त्यांपैकी बहुतेक जण पूर्ण परिव्ययात ठराविक नफा मिळवून किंमत ठरवितात व सीमांत हिशेब करीत नाहीत, असे दिसून आले. १९४६ मध्ये रिचर्ड लेस्टर व फ्रिट्झ माखलुप यांच्यात यावरून गाजलेला वाद झाला. पुढील वाहन ओलांडणारा चालक वेग व अंतर यांची समीकरणे मांडीत नाही, तरी अंदाज अचूक करतो. उद्योजकाचेही तसेच असते, असे माखलुपचे उत्तर होते. ते चतुर असले, तरी डबघाईला आलेल्या कारखान्याच्या व्यवस्थापकाला त्यापासून मार्गदर्शन मिळण्यासारखे नव्हते.

डीनने १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मॅनेजेरियल इकॉनॉमिक्स’ या ग्रंथाने शाखेला नाव दिले. व्यावसायिक कसे वागतात यापेक्षा त्यांनी कसा विचार करावा, यावर त्याचा भर होता. दुसऱ्या महायुद्धात विकसित झालेले ऑपरेशन्स रिसर्च व जॉर्ज डँट्झिगची १९४७ ची रेषीय प्रायोजनाची रीत यांची लवकरच त्यात भर पडली. हर्बर्ट सायमन (१९१६–२००१) याने मात्र मूळ गृहीतकावरच आक्षेप घेतला. माहिती व वेळ अपुरी असल्याने व्यवस्थापक सर्वोत्तम पर्याय शोधीत नाही, पुरेसा समाधानकारक पर्याय सापडताच थांबतो, असे त्याचे मत होते. या कार्याबद्दल त्यास १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात कलकत्ता व अहमदाबाद येथील व्यवस्थापन संस्था (१९६१) आणि मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था (१९६५) यांच्या स्थापनेनंतर व्यवस्थापन शिक्षणाचा विस्तार झाला व त्याबरोबर हा विषयही रुजला. तथापि १९९१ पर्यंतच्या परवाना पद्धतीत उत्पादनक्षमता व अनेक वस्तूंच्या किंमती शासन ठरवीत असल्याने व्यवस्थापकाच्या हाती त्यांतील थोडेच निर्णय उरत. ऑक्सफर्डच्या उद्योजकांची पूर्ण परिव्ययाची रीत येथे शासकीय धोरणच बनली. शरद मराठे समितीच्या शिफारशीनुसार १९७७ पासून प्रत्येक खत कारखान्याला त्याच्या स्वतःच्या परिव्ययावर आधारलेली धारण किंमत मिळू लागली. तीत निव्वळ मालमत्तेवर करोत्तर १२ टक्के परतावा धरलेला असे. कारखाने उभे राहिले व उत्पादन वाढले. परंतु जास्त खर्चाच्या कारखान्यास जास्त किंमत मिळत असल्याने खर्च कमी करण्याची निकड मंदावली आणि अनुदानाचा भार वाढत गेला. युरियाच्या बाबतीत ही पद्धत २००३ मध्ये बदलून कारखान्यांचे वय व कच्चा माल यांनुसार गट पाडण्यात आले व गटाच्या सरासरीशी किंमत जोडण्यात आली.